ऑइल कूलरची हळद

हिराकाकाची गाडी गल्लीत शिरली की आधी शीळ ऐकू यायची. हॉर्न नव्हे, शीळ. बारीक, लांबट, चढत जाणारी. ती ऐकली की अंगणात सुकट पसरत बसलेल्या बायका आपापली चटई ओढून घ्यायच्या, कारण मागून जी गाडी यायची ती आमच्या गल्लीच्या मापाची नव्हतीच. डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीकडे उतरत जाणारं आमचं आगऱ्यांचं गाव. बाबा मिठागरात राबलेले, त्यांच्या आधी आजोबा राबलेले. त्या गावात बैलगाडी आली, सायकल आली, रिक्षा आली, आणि मग एकदम मधलं सगळं गाळून आली ती जपानी टर्बो गाडी. पांढरी, लांबलचक, आणि स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे उजव्या बाजूला जो बसेल तोच गाडी चालवतोय असं लोकांना वाटायचं. आमच्या शेजारच्या पोराला काकाने एकदा तिकडे बसवून स्टेशनपर्यंत नेलं, तर फाटकाजवळचा हवालदार डोळे चोळत उभा राहिला.

हिराकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. मी फ्रॉक घालत होते तेव्हा तो मस्कतला गेला आणि मी पॉलिटेक्निकला जायला लागले तेव्हा गाडी घेऊन परत आला. मधल्या सगळ्या काळात तो आमच्यासाठी एक आवाज होता. तिकडून तो कॅसेट भरून पाठवायचा. आम्ही सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसायचो आणि काका बोलायचा: "वहिनी, जवळ्याची चटणी संपली. सुमन, तुझी तब्येत सांभाळ. पोरीला माझा मुका." सुमनकाकी सगळ्यांबरोबर ऐकताना काहीच बोलायची नाही. मग दुपारी सामसूम झाली की तीच कॅसेट आवाज बारीक करून पुन्हा लावायची. तिच्या संसाराची बरीच वर्षं अशी रिवाइंड करण्यात गेली. आज माझी नात सिडनीहून रोज व्हिडिओवर भांडते तेव्हा मला काकीची ती बारीक आवाजातली दुपार आठवते.

आता मी आलोय तो कायमचा, असं काका आल्या दिवशीच म्हणाला होता. मस्कतला गॅरेजात मेकॅनिक असताना मालकाची ही गाडी त्याने इतकी निगुतीने सांभाळली की शेवटी तीच घेऊन आला. बेत असा, की लग्नसराईत नवरदेवाची गाडी म्हणून ती फिरवायची. आपल्याकडे लग्नाला तोटा नाही आणि हौसेला मोल नाही. पण त्याची मोठी निळी बॅग, ती विमानाची चिठ्ठी अजून मुठीला लोंबत असलेली, कपाटावरच राहिली. रिकामी केली, पण खाली आली नाही. तिकडच्या मालकाने, म्हणजे काकाच्या भाषेत अरबाबने, सांगून ठेवलं होतं की कधीही ये, तुझी जागा तुझीच. काकी केर काढताना, भाकऱ्या थापताना, मुलीची वेणी घालताना मधूनच त्या बॅगेकडे बघायची. पाहुणा उठून जायला निघालाय की बसलाय, हे बघावं तसं.

आणि पहिल्याच लग्नात गाडीने माती खाल्ली. कल्याणात मिरवणूक होती. पुढे बेंजोवाल्यांचा ताफा, बेंजोपुढे नाचणारे, आणि त्यांच्या मागे मुंगीच्या पावलाने गाडी. आमच्याकडे मिरवणूक पुढे सरकत नाही, ती जागच्या जागी उकळते. अर्ध्या वाटेवर तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि काकाने इंजिन बंद केलं. पुढचा रस्ता वऱ्हाडाने गाडी ढकलत नेली, आत नवरदेव फेटा सावरत बसलेला. नंतर कितीतरी दिवस काका दिसला की कुणीतरी विचारायचंच, "हिरा, तुझ्या इमानाला धक्का मारायला मानसं पायजेत का?" इमान म्हणजे विमान, गाडीचं पडलेलं नाव. काका हसायचा. पण त्या रात्री जेवताना तो भाकरीचा तुकडा नुसता कालवणात फिरवत राहिला आणि म्हणाला, "इलासच्या लग्नात चालली तर चालली. नाय तर पावसाच्या आधी मी परत जातंव." विलास म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याचं लग्न वैशाखात ठरलेलं. काकीच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. आईने तेवढं म्हटलं, "जेव आधी. भरल्या ताटावर जान्याची भाषा नको."

आता टर्बो म्हणजे काय, हे मी तेव्हा आईला जसं सांगितलं तसंच सांगते. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक छोटं चाक गरगर फिरतं आणि ते चाक बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त ताकद. शीळ यायची ती त्या चाकाची. पण धुरात फिरणारं चाक चुलीतल्या निखाऱ्यासारखं तापतं आणि त्याला जिवंत ठेवतं फक्त इंजिनाचं तेल. तेल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की दाब पडतो, दाब पडला की चाकाचं आणि इंजिनाचं दोघांचंही वाटोळं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे जास्त खाल्लं म्हनून ताप आला." याहून नेमकं मला आमच्या सरांनीही कधी सांगितलं नाही.

मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात मुली आम्ही दोघीच, आणि गावात तर मी एकटीच, त्यामुळे मला वाटायचं की जगातली सगळी यंत्रं माझ्या मताची वाट बघत थांबलीत. काकाचं आणि माझं बॉनेट उघडून तासन् तास भांडण चालायचं. तो म्हणायचा पाण्याचा पंप, मी म्हणायचे तेल. शेवटी आम्ही अंगणातच मिरवणूक काढली. गाडी पुढे एक हात, मागे एक हात, भर उन्हात. पाण्याचा काटा मधोमध शांत आणि तेलाचा दिवा मात्र डोळे मिचकावतोय. काकाने तेल मोजायची दांडी बाहेर काढून तेलाचा थेंब बोटावर घेतला, हायहुय करत चोळला आणि म्हणाला, "तेल कसलं, हे तर भाताची पेज हाय." मग एकदम उठला. मस्कतला वाळवंटात जाणाऱ्या ट्रकांना तेलासाठी वेगळा छोटा रेडिएटर असायचा. ऑइल कूलर. ते गाडीला का नको?

तिथून आमच्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दिवस सुरू झाले. कॉलेज सुटलं की मी ठाण्याला उतरायचे, काका तिथे यायचा, आणि आम्ही वागळे इस्टेटच्या भंगारवाल्यांकडे पालथी घातलेली लोखंडं उलथीपालथी करायचो. भूक लागली की मिसळ, काकाला जास्तीची तर्री. शेवटी एका मोडक्या कॉम्प्रेसरला हवा तसा कूलर सापडला. पाटाएवढा, ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांचा. मी तो कडेवर घेऊन घरी आले तेव्हा आईने आधी विचारलं, "किसनी एवढी मोठी कशाला?" तेलाचा फिल्टर आणि इंजिन यांच्या मधे बसणारी जाड चकती काकाच्या शाळेतल्या मित्राने लेथवर बनवून दिली. एका भोकातून तापलेलं तेल बाहेर जाणार, दुसऱ्यातून थंड होऊन परत येणार. दोन जाड रबरी पाइपांच्या टोकांना नट वागळेतच दाबून बसवून घेतले. कूलर कुठे बसवायचा यावरून आमचं पुन्हा वाजलं. काकाला तो खाली हवा होता, जिथे गाडी पळताना वारा लागेल. मी म्हटलं, "काका, आपली गाडी पळते कुठे? ती तर नाचणाऱ्यांच्या मागून चालते. तिला वारा आपणच घालायला पाहिजे." मग तो पुढे, रेडिएटरच्या समोर बसला, त्याच्या पाठीशी एक छोटा विजेचा पंखा लावला, आणि वारा सरळ मिळावा म्हणून काकाने गाडीची पुढची जाळीच काढून ठेवली. काढलेली जाळी आईने लगेच लांबवली आणि तिच्यावर लसूण वाळत घातला.

पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा एका पाइपचा नट ढिला होता. तेलाची चिळकांडी उडाली ती थेट लग्नासाठी नुकत्याच सारवलेल्या अंगणात, आणि मग आईच्या तोंडची चिळकांडी काकावर. अंगण पुन्हा सारवलं गेलं, काकाकडून. नट आवळला, समोर तेलाच्या तापमानाचा एक गोल मीटर बसवला, आणि आम्ही अंगणात पुन्हा तीच एक हात पुढे, एक हात मागे मिरवणूक काढली. काटा चढला, जरा थबकला, आणि तिथेच राहिला. काकाने उन्हासाठी ओढणी घेतलेल्या माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवला, तो डाग त्या ओढणीवरून कधीच गेला नाही आणि मी जाऊ दिला नाही.

मग हळद आली. आमच्याकडे लग्न एकीकडे आणि हळद एकीकडे. मांडवात बेंजो, मागच्या दारी तीन दगडांवर मोठाली पातेली, मटणाचा वास खाडीपलीकडे जाईल असा. मी आणि दोन मामेबहिणी वडे तळायला बसलेल्या, तांदळाचे, टम्म फुगणारे. काका काकीला ओढून नाचत होता, आणि काकी, जी टेपरेकॉर्डरसमोर कधी हूं की चूं करायची नाही, ती पदर खोचून त्याच्या वरताण नाचत होती. दादाला हळद लागली, मग करवलीला म्हणून मला, मग ज्याला त्याला. हळद लावणं सुरू झालं की आमच्या बायकांना थांबवणं देवालाही जमायचं नाही. उखळाला लागते, जात्याला लागते, विहिरीला लागते. घरात काही नवीन असेल तर त्याला तर आधी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. नवरी खडवलीच्या पलीकडे नदीकाठच्या गावातली. गाडीच्या तोंडावर झेंडूच्या माळा जाड जाड सोडलेल्या. मागे दादा मुंडावळ्या बांधून बसलेला, शेजारी मी हातात दिवा घेऊन, आणि पुढे काकाच्या उजवीकडे भिमाबाय. भिमाबाय आमची धवलारीण. आमच्यात भटजी नंतर, धवलारीण आधी. लग्नाचा प्रत्येक विधी ती गाण्यातून लावते, आणि तिने धवला म्हटल्याशिवाय पान हलत नाही. तिचे गुडघे गेलेले, म्हणून तिला मानाने पुढे बसवलं. वाटेतल्या प्रत्येक गावात लोक थांबून बघायचे, कारण त्यांच्या हिशेबाने नऊवारीतली एक म्हातारी पान चघळत नवरदेवाची गाडी हाकत होती. कल्याण सुटलं, टिटवाळा गेलं, गाडी शीळ घालत पळत होती, काकाही तिच्याबरोबर शीळ घालत होता. मागच्या टेम्पोत बायका, त्यांच्यात पुढच्या फळीला धरून उभी सुमनकाकी.

गावाच्या वेशीवर बेंजो उतरला आणि मिरवणूक सुरू झाली. थोड्याच वेळात मी मीटरकडे बघायला लागले, मग बघायचं थांबवता येईना. काटा चढत होता. थबकायच्या जागी थबकलाच नाही. पंखा तर घोंगावत होता, स्वच्छ ऐकू येत होता. काकाची शीळ बंद झाली. त्याच्या मानेवर घाम आला. "माळा काढ," तो मला म्हणाला. मी दिवा दादाच्या हातात दिला, खाली उतरले आणि झेंडूच्या माळा घाईत, आत न बघताच ओढून काढल्या. काट्याला काही फरक नाही. तेवढ्यात लाल दिवा लुकलुकला. काकाने इंजिन बंद केलं. कल्याणच्या लग्नाला आलेले दोघेतिघे लगेच बाह्या सारत पुढे आले, "चला रे, हिराचा इमान आला." बेंजोवाले थांबले. काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. मी टेम्पोकडे पाहिलं. काकीने फळी सोडली होती आणि ती खाली बघत होती. मला रडू आलं. यंत्राचं नव्हे. मला ती निळी बॅग दिसली, कपाटावरची.

मी गाडीसमोर बसले. पंखा वेगळ्या बटणावर होता, तो अजून फिरत होता. तो बाहेरची हवा आत ओढतोय की नाही बघावं म्हणून मी रुमाल कूलरसमोर धरला. रुमाल चिकटायला हवा होता. तो सरळ खाली लोंबत राहिला. मग मी वाकून पात्यांत पाहिलं. ॲल्युमिनियम कुठे दिसेचना. सगळा कूलर पिवळाधमक. बारीक बारीक फटी, एकूण एक, वाळून कडक झालेल्या हळदीने गच्च भरलेल्या, आणि वर, मधोमध, कुणीतरी प्रेमाने कुंकवाचं बोट टेकवलेलं.

"याला हळद कुणी लावली?" मी ओरडले. टेम्पोतून आईने अगदी सहज सांगितलं, "आमी सगल्यांनी. नवीन हाय ना तो घरात? जाली नव्हती, बोटं बरोबर जात होती." काका गाडीतून उतरला, बघितलं, आणि कपाळाला हात लावला. तेव्हा उजवीकडचं दार उघडलं आणि भिमाबाय एकेक गुडघा सांभाळत खाली आली. तिने कूलर पाहिला, आईला पाहिलं, सगळ्या बायकांना पाहिलं, आणि तिला खराच राग आला. "हलद लावलीत ती बरोबर केलंत. पन हलद उतरवली कोनी? नवऱ्याला आज सकाली न्हाऊ घातलंत ना? मंग याला काय तसाच लग्नाला आनलात?"

लग्न मोडलं असतं तर ते यंत्राने नव्हे, त्या चुकलेल्या न्हाणाने मोडलं असतं, अशा सुरात ती बोलली, आणि बायकांना ते शंभर टक्के पटलं. पाच सवाष्णी खाली उतरल्या. त्यांत पहिली सुमनकाकी. नदी हाकेच्या अंतरावर होती, नवरीकडच्यांनी स्वागताला आणलेले कलशच त्यांनी घेतले. घाटावर धुणं धुणाऱ्या एका बाईने साबणाची वडी दिली. पाती नाजूक, हाताने वाकतील म्हणून घासायचं कशाने, तर दादाने मुंडावळ्या सावरत बॅगेतून आपला दाढीचा नवा कोरा ब्रश काढून दिला. "इंजिनावर नका ओतू, गरम हाय, फक्त जालीवर, जालीवर," काका प्रत्येकीच्या मागून सांगत होता. आणि भिमाबायने धवला धरला. आधी तोच, नवऱ्याला न्हाऊ घालायचा. मग दुसऱ्या कडव्यापासून तिने त्यात आमच्या कूलरला ओवलं, मस्कतवरून आलेल्या गाडीला, तिच्या पोटातल्या तापाला. काकी पाणी ओतत होती, मी ब्रशने फेस करत होते, आणि पायाशी पिवळं पाणी वाहत नदीकडे निघालं होतं. मिरवणुकीतली सगळी माणसं, ढकलायला आलेलीसुद्धा, टाळ्यांचा ठेका धरून उभी. काका हसत होता की रडत होता ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पात्यांतून पलीकडचा उजेड दिसायला लागला तेव्हा मी रुमाल पुन्हा धरला. तो फट्कन चिकटला. काकाने किल्ली फिरवली. सगळे त्या छोट्या गोल मीटरकडे वाकले, भिमाबाय सगळ्यात पुढे. काटा हलला, खाली आला, आणखी खाली आला, आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. "न्हालं की मानूस पन असाच शांत होतो," भिमाबाय म्हणाली आणि परत गाडीत चढली. बेंजो वाजला. त्या गावात मिरवणूक एवढी रेंगाळली, एवढी नाचली, की गोरज मुहूर्त जेमतेम सापडला. आणि गाडी मांडवाच्या दारापर्यंत चालत गेली, आपल्या आपण.

पुढे आमच्या पंचक्रोशीतल्या कितीतरी नवऱ्यांना त्या गाडीने मांडवात पोहोचवलं. हळदीला बायकांनी तिला हळद लावायचं कधीच सोडलं नाही, पण सकाळी तिला न्हाऊ घालायचंही विसरल्या नाहीत. मी पुढे नोकरी केली, पोरं शिकवली, आता घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर राहते आणि खाली गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकताना बघते. बेंजो नसताना ही माणसं एवढी हळू का जातात, असं मला दर संध्याकाळी वाटतं.

पण मला खरं सांगायचं होतं ते लग्नानंतरचं. पावसाळा तोंडावर आला होता, घरोघरी आगोट भरणं चाललं होतं, म्हणजे चार महिन्यांचं वाळवण, मीठ, मसाला भरून ठेवणं. मी काही निरोप द्यायला काकीच्या खोलीकडे गेले तर दारातच वासाने थांबले. निळी बॅग कपाटावरून खाली आलेली, जमिनीवर सताड उघडी. काकी तिच्यात सुके बोंबील रचत होती, शेजारी सुकी वाकटी मासळी पडलेली. एक थर उभा, एक आडवा, मधे जुनं लुगडं. शांतपणे, मन लावून. ज्याने सुके बोंबील ठेवलेलं भांडं धुतलंय त्याला कळेल की ती बॅग आता कुठल्याच विमानात चढणार नव्हती. माझ्या मागून काका आला. तो उंबऱ्यातच उभा राहिला, बॅगेकडे बघत. काकीने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

काका आत गेला, तिच्याजवळ मांडी घालून बसला, आणि वरचा थर तळहाताने नीट दाबून बघितला. "वाकटी पन ठेव हिच्यात," तो म्हणाला. "जागा हाय अजून."